पेन्सिलीच्या रेघेपासून प्लॅटरपर्यंत

हॉस्टेलमध्ये माणसं भांडतात कशावरून? बादलीवरून, चार्जरवरून, मेसच्या बिलावरून. आम्ही दोघं रूम पार्टनर भांडलो ते एका हार्ड डिस्कवरून. सीनियर्सकडून वारसाहक्काने आमच्या रूमला मिळालेली ती पोर्टेबल डिस्क. जुने पेपर, जर्नल्स, चार वर्षांचे पिक्चर आणि (हे महत्त्वाचं) आमच्या प्रोजेक्टच्या रिपोर्टची एकमेव ताजी कॉपी, सगळं तिच्यात. सबमिशनला आठ दिवस होते. रात्री दीडला पार्टनरचा पाय वायरीत अडकला आणि चालू असलेली डिस्क कॉटवरून फरशीवर. त्यानंतर ती फक्त टक्... टक्... टक्... एवढंच बोलायची.

डेटा परत काढून देणाऱ्याने जो आकडा सांगितला तो आमच्या दोघांच्या दोन महिन्यांच्या मेसबिलापेक्षा मोठा होता. तो विषय तिथेच संपला. मग मी पार्टनरशी बोलणं टाकलं. बॅकअप मीही घेतला नव्हता, हे मला तेव्हा आठवलं नाही. असो.

मेलेली डिस्क घेऊन मी हार्डवेअर लॅबच्या सरांकडे गेलो. सरांनी आधी बजावलं, की डेटा हवा असेल तर डिस्क कधीही अशी उघड्यावर उघडायची नसते. पण हिचं आता फक्त पोस्टमॉर्टेमच करायचं होतं. स्क्रू निघाले, झाकण उघडलं. आत आरशासारखी चकचकीत तबकडी आणि तिच्यावर चंद्रकोरीसारखा बारीक ओरखडा. सर एकेका भागावर बोट ठेवून नाव विचारायला लागले. प्लॅटर आलं, स्पिंडल आलं. मग त्यांनी विचारलं, की ट्रॅक गोल, तबकडी सपाट, तर मग सिलिंडर हा शब्द यात कुठून आला? आणि जी गोष्ट कधी तबकडीला टेकत नाही तिला क्रॅश कसला? माझी बत्ती गुल. परीक्षेत हे सगळे शब्द मी चार-चार मार्कांना लिहून आलेलो होतो! सर हसले आणि म्हणाले, की हे शब्द पाठ करू नकोस, रे जॉन्सन कोण होता ते वाच. शब्द आपोआप कळतील.

वाचलं. आणि खरं सांगतो मित्रांनो, शब्द कळले ते कळलेच, पण त्याहून जास्त काहीतरी हाती लागलं. म्हणून हा लेखप्रपंच.

रेनॉल्ड बी. जॉन्सन, सगळे त्याला रे म्हणायचे. जन्म १६ जुलै १९०६, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, स्वीडनहून आलेल्या शेतकरी वळणाच्या समाजातल्या एका घरात. घरात मोठ्या बहिणी. त्यांना भेटायला गावातली पोरं फोर्ड मॉडेल टी गाड्या घेऊन येत. लहानग्या रेला ही पाहुणेमंडळी अर्थातच पसंत नव्हती. तो हळूच गाडीचं बॉनेट उघडायचा आणि स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने रेघा मारून ठेवायचा. बस्स, एवढंच. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट विजेचं वाहक. ठिणगी पडायच्या जागी वीज त्या रेघेवरून सरळ इंजिनच्या लोखंडात पळून जायची. पाहुणा हँडल मारून मारून घामाघूम, गाडी ढिम्म! अकरावीच्या फिजिक्सला आपण कंडक्टर-इन्सुलेटर शिकतो. या पोराने ते बहिणींच्या पाहुण्यांवर शिकून घेतलं.

आता पहिला धक्का. हार्ड डिस्कचा बाप म्हणून ज्याचं नाव घेतात त्या माणसाकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती! १९२९ साली मिनेसोटा विद्यापीठातून त्याने पदवी घेतली ती शिक्षण-प्रशासनाची. म्हणजे आपल्याकडे बी.एड.च्या वाटेला जाणारा माणूस. पुढे तो मिशिगन राज्यातल्या आयर्नवूड नावाच्या गावी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला लागला. साल लक्षात घ्या. १९२९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला होता आणि महामंदी सुरू झाली होती. प्लेसमेंटचं वर्ष खराब म्हणून आपण रडतो ना, तर त्याचं वर्ष बघा!

मास्तर म्हटला की पेपर तपासणं आलंच. ढिगाने पेपर, तेच तेच प्रश्न, तीच तीच उत्तरं. जॉन्सनला वाटलं, पर्यायी उत्तरांवर पेन्सिलीने खूण करायची पद्धत ठेवली, तर तपासायचं काम यंत्राला का देऊ नये? इथे त्याला स्पार्क प्लग आठवला. कागदावरची पेन्सिलीची खूण म्हणजे ग्रॅफाइट, म्हणजे वीज वाहणारी पट्टी. बरोबर उत्तराच्या जागी खूण असेल तर तिथून थोडा प्रवाह वाहील. अशा सगळ्या प्रवाहांची बेरीज करायची आणि मीटरच्या काट्यावर थेट मार्क वाचायचे.

कल्पना सोपी, पण लोच्या मोठा. एक पोरगा पेन्सिल दाबून गिरवतो, दुसरा नाजूक रेघ मारतो. प्रत्येक खुणेचा रोध वेगळा, मग प्रवाह वेगळा, आणि मार्कही वेगळे! सुंदर अक्षराला जास्त मार्क मिळतात अशी तक्रार आपण करतो, इथे तर ती खरीच ठरली असती. जॉन्सनचा तोडगा बघा. प्रत्येक वाटेत त्याने खूप मोठ्या रोधाचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला. त्या डोंगरापुढे खुणेच्या रोधातला कमी-जास्तपणा म्हणजे किरकोळ खडे. खूण जाड असो की बारीक, प्रवाह जवळजवळ सारखाच. आपण फर्स्ट इयरला सिरीज सर्किट सोडवतो तेव्हा यातून कुणाच्या तरी मार्कांना न्याय मिळू शकतो, असं कधी मनात येतं का? माझ्या तरी आलं नव्हतं.

हे यंत्र घेऊन त्याने आयबीएमचं दार ठोठावलं. उत्तर आलं, नको. मग काही काळाने चक्रं फिरली. परीक्षापद्धतीवर काम करणारे कोलंबिया विद्यापीठाचे बेन वुड हे आयबीएमच्या वरिष्ठांच्या सल्लामसलतीतले. त्यांना अशाच यंत्राची गरज होती. १९३४ मध्ये आयबीएमने शोधाचे हक्क घेतले आणि शोधासकट शोधकर्त्यालाही न्यू यॉर्क राज्यातल्या एंडिकॉटच्या प्रयोगशाळेत नोकरीवर घेतलं. मास्तरचा इंजिनिअर झाला. आयबीएम ८०५ या नावाने ते यंत्र त्या दशकाच्या शेवटी बाजारात आलं. सराईत माणूस त्यावर तासाला आठशेच्या आसपास उत्तरपत्रिका काढायचा. बरोबर उत्तरांतून चुकीच्यांचा हिस्सा वजा करायची सोयही त्यात होती. म्हणजे निगेटिव्ह मार्किंग! सीईटी कागदावर व्हायची तेव्हा ज्यांनी ज्यांनी ओएमआरचे गोल काळे केले, त्या सर्वांचं या मास्तराशी दूरचं नातं आहे. ओएमआर प्रकाशाने वाचतं आणि ८०५ विजेने वाचायचं, एवढाच फरक.

पुढची अठरा वर्षं तो एंडिकॉटला रमला. कार्डावर पेन्सिलीने केलेली खूण वाचून त्याच कार्डाला भोकं पाडायची, ही मार्क सेन्सची पद्धतही त्याचीच. तेव्हा सगळा कारभार भोकं पाडलेल्या कार्डांवर चालायचा. एका कार्डावर ८० रकाने, म्हणजे ८० अक्षरं.

आता या कार्डांची पीडा काय होती ते समजून घेतलं की रँडम ॲक्सेस हा शब्द कळतो. समजा दुकानात हजारो प्रकारचा माल आहे आणि प्रत्येक मालाचं एक कार्ड. गिऱ्हाइकाने फोन करून एक वस्तू मागितली, की कारकून मोठाल्या पेट्यांतून बोटांनी ते कार्ड शोधणार, काढणार, यंत्रात घालणार, परत जागेवर ठेवणार. नाहीतर दिवसभराचा व्यवहार साठवायचा आणि रात्री सगळा गठ्ठा एकदम यंत्रातून ओढायचा. चुंबकीय टेप आली होती, पण तीही अशीच. शेवटचं गाणं ऐकायचं तर आधीची सगळी कॅसेट पुढे ढकला. याला म्हणतात सिक्वेन्शियल ॲक्सेस. पोथीचं पारायण म्हणा ना, पहिल्या अध्यायापासून सुरू. हवं होतं ते पंचांगासारखं काहीतरी, पाहिजे ती तिथी थेट उघडायची.

१९५२ च्या जानेवारीत आयबीएमने जॉन्सनला सांगितलं, की कॅलिफोर्नियात सॅन होजेला जा आणि नवी छोटी प्रयोगशाळा उघड. वय पंचेचाळीस. सॅन होजे तेव्हा फळबागांचं गाव, सिलिकॉन व्हॅली हे नावसुद्धा जन्माला यायचं होतं. ९९ नोत्र दाम ॲव्हेन्यू या पत्त्यावर एक जागा भाड्याने घेतली. माणसं तीस ते पन्नास घ्यायची आणि काम काय करायचं ते बरंचसं जॉन्सनने ठरवायचं. असं स्वातंत्र्य कंपन्या रोज देत नाहीत.

या प्रयोगशाळेत त्याने एक नियम घातला. तो वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. प्रत्येकाला दुसरा काय करतोय हे माहीत असलं पाहिजे. आणि सहकारी मदत मागायला आला, तर आपलं काम बाजूला ठेवून आधी त्याला मदत करायची. ही मेहेरबानी नाही, पहिली जबाबदारी. मला आमची रूम आठवली. दोन टेबलं, दोन हेडफोन, आणि दोन दिवस तोंडाला कुलूप.

तर माहिती साठवायची कशावर? या टोळीने सगळं तपासलं. ड्रम, टेपचे तुकडे, पत्रे, सळ्या, तारा. शेवटी जॉन्सनचा कौल पडला तबकड्यांच्या बाजूने. कारण ड्रमचा फक्त बाहेरचा पृष्ठभाग वापरात येतो, आतली सगळी जागा फुकट. तबकड्या मात्र भाकरीच्या चवडीसारख्या एकावर एक रचता येतात, आणि प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजू वापरता येतात. थोड्या जागेत भरपूर पृष्ठभाग. ही तबकडी म्हणजे प्लॅटर आणि जिच्यावर चवड ओवून फिरवायची ती दांडी म्हणजे स्पिंडल.

मग अडचणींची रांग लागली. पहिली अडचण लेपाची. ॲल्युमिनियमच्या दोन फूट व्यासाच्या तबकडीवर चुंबकीय लोहऑक्साइडचा रंग अगदी सारखा बसला पाहिजे. कुठे जाड, कुठे पातळ चालणार नाही. ब्रश, फवारे सगळं करून झालं. शेवटी जेकब हॅगोपियन या इंजिनिअरने तबकडी फिरती ठेवली आणि कागदी कपातून रंग मध्याजवळ ओतला. ओली छत्री गरकन फिरवली की पाणी कसं कडेला पळतं, तसा रंग सेंट्रिफ्युगल फोर्सने सारखा पसरत कडेपर्यंत गेला. गुठळ्या नकोत म्हणून रंग आधी बायकांच्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्यायचा. आपल्याकडे वस्त्रगाळ चूर्ण करतात ना, तसा हा वस्त्रगाळ रंग! क्लीन रूम, नॅनोमीटर वगैरे शब्द नंतर आले. सुरुवात कागदी कप आणि पायमोज्यापासून झाली.

दुसरी अडचण हेडची. लिहिणारं-वाचणारं हेड तबकडीच्या जितकं जवळ, तितकी खूण बारीक आणि स्पष्ट. पण टेकलं तर घासणार, लेप खरवडणार. आणि दोन फुटांची तबकडी फिरताना थोडी तरी डगमगणारच. मग अंतर कायम ठेवायचं कसं? विल्यम गॉडर्ड याने हेडमधल्या बारीक छिद्रांतून दाबाची हवा सोडली. हवेची गादी तयार झाली. तबकडी वर आली तर हेड वर, खाली गेली तर खाली, आणि मधलं अंतर साधारण २० मायक्रॉन कायम. हेच ते एअर बेअरिंग. ही हवेची गादी फाटली आणि हेड तबकडीवर आपटलं, तर त्याचं नाव हेड क्रॅश. फिरत्या तबकडीवर आपटलेलं हेड पुढे खरवडतच जातं. आमच्या डिस्कवरची ती चंद्रकोर म्हणजे हीच! टक् टक् आवाज म्हणजे जखमी हेड आपली जागा शोधत परत परत टोकाला जाऊन येत होतं.

१९५३ च्या सुमाराला अमेरिकी हवाई दलाकडून विचारणा झाली, की सुट्या भागांच्या साठ्याचा हिशोब तत्काळ कळेल असं काही देता येईल का. आता हा नुसता प्रयोग राहिला नाही, गरज दारात येऊन उभी होती. १९५४ च्या फेब्रुवारीत कार्डावरची माहिती तबकडीवर गेली आणि तबकडीवरून परतही आली. लू स्टीव्हन्स, जॉन लिनॉट आणि इतरांनी मग यंत्राची मांडणी पुन्हा घासूनपुसून पक्की केली. जून १९५६ मध्ये पहिलं यंत्र सॅन फ्रान्सिस्कोच्या झेलरबाख पेपर कंपनीकडे गेलं आणि सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएमने जाहीर घोषणा केली. ३०५ रॅमॅक, म्हणजे रँडम ॲक्सेस मेथड ऑफ अकाउंटिंग अँड कंट्रोल. त्यातली डिस्क म्हणजे आयबीएम ३५०, जगातली पहिली हार्ड डिस्क ड्राइव्ह.

आता वही-पेन घ्या, ट्रॅक-सेक्टर एकदाचे कळून जातील. दोन गोदरेजच्या कपाटांएवढा पसारा, वजन टनाच्या आसपास. आत ५० तबकड्या. प्रत्येकीच्या दोन बाजू, म्हणजे १०० पृष्ठभाग. प्रत्येक पृष्ठभागावर एकाच केंद्राभोवती १०० वर्तुळं. हे ट्रॅक. ग्रामोफोनच्या तबकडीवर एकच खाच नागमोडी आत जाते, इथे मात्र प्रत्येक वर्तुळ स्वतंत्र. प्रत्येक ट्रॅकचे ५ तुकडे, हे सेक्टर. एका सेक्टरमध्ये १०० अक्षरं. गुणा, १०० गुणिले १०० गुणिले ५ गुणिले १००. उत्तर ५० लाख अक्षरं. म्हणजे ६२,५०० कार्डांचा मजकूर. आज मोबाइलवर काढलेला एखादा चांगला फोटोसुद्धा त्यात जेमतेम मावेल! आमच्या मेलेल्या एक टीबीच्या डिस्कमध्ये असली सुमारे दोन लाख यंत्रं बसली असती.

तबकड्या मिनिटाला १२०० फेऱ्या मारायच्या. म्हणजे एका फेरीला ५० मिलिसेकंद. हवा असलेला सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे २५ मिलिसेकंद थांबावं लागणार. ही रोटेशनल लेटन्सी. पण खरा वेळ जायचा तो हेड ट्रॅकपर्यंत नेण्यात. कारण शंभर पृष्ठभागांना मिळून हेडची एकच जोडी! तिचा हात आधी तबकडीतून पूर्ण बाहेर यायचा, लिफ्टसारखा वर-खाली जायचा, योग्य तबकडीसमोर थांबायचा आणि मग आत शिरायचा. हेड ट्रॅकवर पोचेपर्यंतचा काळ म्हणजे सीक टाइम. सगळं मिळून सरासरी ६०० मिलिसेकंद. आज हा आकडा ऐकून हसू येतं. पण जो कारकून पेटीतून कार्ड शोधायचा त्याच्या जागी उभं राहून बघा. पाऊण सेकंदाच्या आत पन्नास लाखांतलं हवं ते अक्षर! मासिक भाडं ३,२०० डॉलर असूनही अशी हजाराहून जास्त यंत्रं बनली. १९६० च्या स्क्वॉ व्हॅलीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्येही रॅमॅक होतं.

आणि सिलिंडर? तो सरांचा प्रश्न राहिलाच. १९६१ मध्ये आयबीएम १३०१ आली. तिच्यात प्रत्येक पृष्ठभागाला स्वतःचं हेड. सगळी हेडं एका कंगव्यासारख्या हातावर, सगळी एकदमच हलणार. म्हणजे वरचं हेड चाळिसाव्या ट्रॅकवर असेल तर खालची सगळीही आपापल्या चाळिसाव्या ट्रॅकवर. भाकरीच्या चवडीत वरून खालपर्यंत डबा दाबला तर प्रत्येक भाकरीवर जे एकाखाली एक गोल उमटतील, ते सगळे जोडून काय होईल? सिलिंडर! हात न हलवता जेवढं वाचता येतं तेवढं सगळं एका सिलिंडरमध्ये. चार मार्कांची व्याख्या मी तीनदा लिहिली होती, कळली ती त्या दिवशी. याच यंत्रात हवेचा पंपही गेला. स्लायडर नावाचा तुकडा असा घडवला, की तबकडीच्या वेगाने जी हवा खाली ओढली जाते तिच्यावरच हेड तरंगतं. म्हणून फ्लाइंग हेड. आज हे उड्डाण काही नॅनोमीटरांवर आलंय. कुठे २० मायक्रॉन आणि कुठे नॅनोमीटर! म्हणून तर आमच्यासारख्यांनी चालू डिस्क कॉटवरून पाडायची नसते.

जुन्या पुस्तकांत विंचेस्टर डिस्क असा शब्द भेटतो, तो पुढचा. १९७३ च्या आयबीएम ३३४० मध्ये ३० अधिक ३० मेगाबाइटची योजना होती. विंचेस्टर रायफलीच्या प्रसिद्ध काडतुसाचं नावही तीस-तीस. केन हॉटन यांनी गमतीत दिलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. पण तोवर रे जॉन्सन आयबीएममधून बाहेर पडला होता.

तो १९७१ मध्ये निवृत्त झाला. नावावर ९० हून जास्त पेटंट. पण गंमत बघा. तबकडीच्या साठवणयंत्राचं जे मूळ पेटंट १९५४ मध्ये दाखल झालं आणि १९७० मध्ये मिळालं, त्यावर नावं आहेत गॉडर्ड आणि लिनॉट यांची. प्रयोगशाळेचा प्रमुख जॉन्सन, तबकडीचा आग्रह जॉन्सनचा, पण त्याचं नाव त्या पेटंटवर नाही. आपल्याकडे प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर नावांचा क्रम ठरवताना मैत्र्या तुटतात, हे तुम्हाला मी नव्याने सांगायला नको.

मास्तरकी मात्र त्याच्यातून शेवटपर्यंत गेली नाही. व्हिडिओ टेपची मोठी रिळं पोरांच्या हातात टिकत नाहीत हे पाहून, टेप अर्ध्या इंचाची करून बंद डबीत घालण्याच्या कामात सोनीबरोबर त्याचा हात होता. निवृत्तीनंतर लहान मुलांच्या बोलक्या पुस्तकांसाठी त्याने छोटं ध्वनियंत्र केलं आणि ते फिशर-प्राइस या खेळण्यांच्या कंपनीने बाजारात आणलं. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या हस्ते त्याला नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजी मिळालं. माहिती साठवणीतल्या कामासाठी आयईईई त्याच्या नावाने पुरस्कारही देऊ लागली. १५ सप्टेंबर १९९८ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी पालो आल्टो इथे तो गेला.

आज लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यात ना प्लॅटर, ना हेड, ना ती हवेची गादी. पण रँडम ॲक्सेस तीच देते. हवं ते, हवं तेव्हा, थेट. आणि मोठमोठ्या डेटा सेंटर्समध्ये तबकड्या अजूनही फिरतायत.

हे सगळं वाचून झालं तेव्हा रात्रीचे साडेतीन वाजले होते. पार्टनर समोरच्या टेबलावर जागाच होता. त्याच्या मेलमध्ये रिपोर्टची महिन्याभरापूर्वीची कॉपी सापडली होती आणि तो गडी दोन दिवस एकटाच, एक शब्द न बोलता, उरलेली प्रकरणं टाइप करत बसला होता. माझ्या वाटणीचीसुद्धा. मी गुपचूप खुर्ची त्याच्या टेबलाला लावली आणि विचारलं, की ग्राफ कुणी काढायचे? त्याने न बघताच चौथं प्रकरण माझ्याकडे सरकवलं. सबमिशन झालं, एक दिवस उशिरा, सरांची बोलणी खाऊन.

ती उघडलेली डिस्क आता आमच्या खिडकीत आहे. प्लॅटरमध्ये बघून पार्टनर दाढी करतो. चंद्रकोर नेमकी गालावर येते त्याच्या. ज्युनियर रूमवर आले की मी त्यांना सिलिंडर म्हणजे काय ते विचारतो. येत नसेल तर सांगतो, आपलं काम बाजूला ठेवून. नियम म्हणजे नियम!

आणि हो, हा लेख तीन ठिकाणी सेव्ह करून ठेवलाय.